दुसरा नारळ क्वालालंपूरला

सरांनी सत्काराचा नारळ खाली ठेवलेला मी कधी पाहिला नाही. आमच्याकडे व्याख्यानमालेत पाहुण्याला शाल-श्रीफळ देतात. पाहुणे फोटोपुरते हसतात आणि नारळ खुर्चीखाली सरकवतात. जाताना बरेचदा तिथेच विसरतात, मग तो वाचनालयाचा शिपाई घरी नेतो. सर मात्र तो नारळ हातात घ्यायचे, वजन बघितल्यासारखा वरखाली करायचे आणि माईकपाशी जाऊन पहिलं वाक्य टाकायचे, "हा सूर्य. आत्ताच तुमच्या अध्यक्षांनी मला दिला."

हॉल हसायचा. अध्यक्ष उगाचच खूश व्हायचे.

"हसलेला माणूस दार उघडं ठेवतो गं," सर मला नंतर सांगायचे. "मग आपण आत शिरायचं."

सर निवृत्त शास्त्रज्ञ. मुलुंडला आमच्याच बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावर राहायचे, मी चौथ्यावर. आयुष्यभर एका संशोधन संस्थेत कुठल्याशा यंत्रावर काम केलं, त्याबद्दल चकार शब्द बोलायचे नाहीत. बोलायचे ते विश्वाबद्दल. आणि मी आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेची चिटणीस. म्हणजे हॉल मिळेल का, माईक चालेल का, लोक येतील का, आले तर चहा पुरेल का, अशा सगळ्या काळज्या करणारी बाई. काळजी हा माझा मूळ स्वभाव. घरातून निघाले की गॅस बंद केला का म्हणून स्टेशनवरून परत येणारी मी. नवरा म्हणतो, "तू झोपेतसुद्धा कपाळाला आठ्या घालून झोपतेस."

तर ह्याच गुणावर सरांनी मला हेरलं. त्यांच्या पहिल्या भाषणाला मी तिसऱ्या रांगेत कोपऱ्यात बसले होते. भाषण संपल्यावर सगळ्यांना सोडून ते सरळ माझ्याकडे आले.

"तू फार छान घाबरतेस."

आता ह्यावर माणसानं काय बोलायचं? मी म्हटलं, "थँक यू सर."

"चेष्टा नाही करत. दोनशे माणसांशी बोलता येत नाही, एकाशीच बोलावं लागतं. मी हॉलमधला सगळ्यात घाबरट चेहरा शोधतो आणि त्याच्याशी बोलतो. आज शोधावा लागला नाही. पुढच्या वेळेपासून तू हीच खुर्ची धरायची. माझं थर्मामीटर आहेस तू."

झालं. तेव्हापासून घाटकोपर म्हणू नका, भांडुप म्हणू नका, जिथे सरांचं भाषण तिथे तिसऱ्या रांगेत कोपऱ्यात मी. काकू म्हणजे सरांच्या मिसेस. त्या म्हणायच्या, "जा बाई जा, तेवढेच दोन तास मला शांतता. विश्वाचं सगळं ठाऊक आहे ह्यांना, सिलिंडर संपलाय ते तेवढं ठाऊक नसतं."

भाषण तसं एकच होतं. पण त्याची तयारी म्हणजे विचारू नका. सर रियाझ करायचे लिफ्टमध्ये. खालून कोणी लिफ्टमध्ये शिरलं की सर सुरू, "तुम्हाला माहितीये, आपली पृथ्वी आत्ता कशाच्या आधारावर उभी आहे?" आणि समोरच्याचा मजला आला की गप्प. दार उघडं, माणूस एक पाय बाहेर टाकून उभा, आणि सर छताकडे बघतायत. तिसऱ्या मजल्यावरचे जोशी तर भाजीची पिशवी घेऊन सातव्यापर्यंत जायचे आणि जिन्यानं खाली यायचे. शेवटी सोसायटीनं बोर्डावर नोटीस लावली की लिफ्टमध्ये विश्वासंबंधी बोलून दार अडवून ठेवू नये. सरांनी त्या नोटिशीचा फोटो काढून ठेवला होता. "इतकी मोठी पावती मला संस्थेनंसुद्धा दिली नाही," म्हणायचे.

त्यांच्या युक्त्या मला पाठ झाल्या होत्या. आवाज चढवायचा नाही, जितकं मोठं सांगायचं तितका आवाज खाली. पाण्याचा ग्लास ओठांपर्यंत न्यायचा आणि न पिता खाली ठेवायचा. तेवढा वेळ हॉल श्वास धरून बसतो. आणि आकडा कधी म्हणजे कधीच सांगायचा नाही.

"शून्यं मोजायला लागला की माणूस मोकळा होतो," म्हणायचे. "आकड्याला कोण घाबरतंय? त्याला त्याच्या पायाखालची जागा दाखवायची."

म्हणून नारळ. नारळ टेबलावर ठेवायचा आणि शर्टाच्या खिशातून एक मोहरी काढायची. "ही पृथ्वी." मग श्रोत्यांमधला कोणीतरी उठवायचा, त्याच्या तळव्यावर ती मोहरी ठेवायची आणि त्याला हॉलच्या मागच्या दारापाशी उभा करायचा. "इतकं अंतर. पृथ्वी सांभाळा हं." लोक मान वळवून बघायचे. एवढ्या लांबून मोहरी कोणाला दिसणार? तो बिचारा मात्र हात पसरून, श्वास रोखून उभा.

"आता सांगा," सर हळू आवाजात विचारायचे, "सूर्याच्या सगळ्यात जवळचा तारा, म्हणजे दुसरा नारळ, कुठे ठेवू? ठाण्याला?"

कोणीतरी म्हणायचं, पुण्याला. कोणी म्हणायचं, गोव्याला, तिथे नारळ पुष्कळ. हशा. सर ग्लास उचलायचे, न पिता ठेवायचे.

"क्वालालंपूरला."

मग एकदम शांतता.

"एक नारळ इथे, दुसरा क्वालालंपूरला. आणि मधे? मधे काही नाही. समुद्र नाही, बोट नाही, दिवा नाही. आपण त्या मोहरीवर." मग शाल उचलायची आणि नारळावर टाकायची. "आणि हा नारळसुद्धा एक दिवस म्हातारा होणार, फुगणार आणि विझणार." मी हॉलचे दिवे घालवायला माणूस ठेवलेला असायचा. अंधार. त्या अंधारात दर वेळी मी माझ्या खुर्चीची कड घट्ट धरायचे. भाषण पाठ असूनसुद्धा! सर अंधारातही माझ्याच दिशेनं तोंड करून उभे असणार हे मला माहीत असायचं, तरी ती कड सुटायची नाही.

आणि मग सर म्हणायचे, "शेजारच्याचं मनगट धरा."

लोक बिचकायचे. आपली मुलुंडची माणसं, अनोळखी माणसाचं मनगट कशी धरतील? "नवऱ्यानं बायकोचं धरलं तरी चालेल, तेवढंच निमित्त," असं म्हटलं की खसखस पिकायची आणि हात पुढे व्हायचे.

"गरम लागतंय? ही ऊब कुठली? सकाळच्या पोळीची. पोळी गव्हाची. गहू उन्हाचा. आणि ऊन ह्या नारळाचं. म्हणजे सूर्य आत्ता तुमच्या मुठीत आहे. दिवे लावा."

दिवे लागायचे तेव्हा लोकांचे डोळे ओले असायचे. मग सर तिथेच नारळ फोडायचे आणि दारात उभे राहून प्रत्येकाच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवायचे. ह्या सगळ्याला ते एकच शब्द वापरायचे, सोडणं. "माणसाला अंधारात नेलं की घरापर्यंत सोडायचं. ही रीत आहे. घाबरवणं कोणालाही जमतं गं. सोडायला जो विसरतो तो वक्ता नव्हे, तो चोर."

आणि बोरिवलीला नेमकं तेच झालं.

तिथल्या मंडळानं सत्कार ज्यांच्या हस्ते करायचा ते प्रमुख पाहुणे ट्रॅफिकमध्ये अडकले होते. कार्यकर्ते म्हणाले, "सर, तुम्ही सुरू करा ना, सत्कार आपण मधे घेऊ." मधे! मी तेव्हाच घड्याळ बघायला लागले. पण सर अशा वेळेसाठी पिशवीत स्वतःचा एक नारळ बाळगायचे. तो काढला आणि सुरू केलं. मोहरी दिली ती शेवटच्या रांगेतल्या एका आजोबांना. पांढरा सदरा, टोपी. ते मागच्या दारापाशी उभे राहिले. भाषण रंगलं. क्वालालंपूर झालं. शाल अजून आली नव्हती म्हणून सरांनी नारळावर आपला रुमाल टाकला. दिवे गेले.

आणि फाडकन सगळे दिवे लागले! माईकवर आवाज, "प्रमुख पाहुण्यांचं आगमन झालेलं आहे, जोरदार टाळ्या!" कोणीतरी सरांच्या अंगावर शाल टाकली आणि हातात नारळ कोंबला. दुसरा नारळ. पहिल्याच्या शेजारी, हातभर अंतरावर. हॉल खो खो हसला. पाहुणे पंधरा-वीस मिनिटं स्वतःबद्दल बोलले, आणि तेवढ्यात हॉलचा मॅनेजर धावत आला की पुढचं बुकिंग साखरपुड्याचं आहे, लगेच खाली करा. झालं, आभार, खुर्च्यांची खडखड. सर माईकपाशी जाऊन "एक मिनिट, मनगट..." म्हणत होते आणि माईक बंद होता.

बाहेर आल्यावर सरांचा चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, "जाऊ द्या सर, लोकांना आवडलं. हसले की सगळे."

"जे हसले ते सुटले. पण तो मागचा माणूस हसला नाही. मी बघत होतो. तो मोहरी घेऊन तसाच गेला गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला माझी बेल. सहाला बेल वाजली म्हणजे कोणीतरी गेलं, असं धरूनच मी दार उघडलं. सर. दाढी वाढलेली, हातात पिशवी, पिशवीत नारळ.

"चल. तो माणूस अंधारात राहिलाय."

"सर, कोण कुठला माणूस, मुंबईत कुठे शोधणार?"

"तू चिटणीस ना? शोध."

मी वैतागले, खरं सांगते. डबे व्हायचे होते, ऑफिस होतं. पण त्यांचा चेहरा बघून नाही म्हणवेना. हॉलच्या वॉचमनला फोन लावला. त्यानं सांगितलं, टोपीवाले आजोबा व्याख्यानाला आलेच नव्हते, ते साखरपुड्याला आले होते! वेळेआधी पोचले आणि एसी दिसला म्हणून आत येऊन बसले. नातीचा साखरपुडा होता. बुकिंग करणाऱ्याचा नंबर मिळाला, त्याच्याकडून पत्ता मिळाला. दिंडोशी.

रिक्षात सर सारखे विचारत होते, "झोपला असेल ना तो? तुला काय वाटतं?" माझ्यासारखी बाई धीर तरी काय देणार? मला तर वाटत होतं, आजोबांना काही झालं असलं तर घरचे आपल्याला धरून बडवतील.

दार आजोबांनीच उघडलं. आमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "येवा, येवा. माका वाटलाच होता, तुमी येतलास."

आत नेऊन त्यांनी देव्हाऱ्यातली कुंकवाची छोटी डबी काढली. उघडली. आत ती मोहरी.

"तुमी सांगलास, पृथ्वी सांभाळा. मगे लाईट लागले, लोक उठले, परत घेवक कोण इलोच नाय. टाकू खंय? सगळ्यांची आसा ती."

सर वाकून त्या मोहरीकडे बघायला लागले.

"साखरपुड्यात जेवलंय नाय," आजोबा म्हणाले. "रात्री डोळे मिटले की तो काळोख दिसता. आमची ही गेली वर्षाआधी. मी म्हणा होतंय, वर खंय तरी आसा. तुमी सांगलास वर कायच नाय. क्वालालंपूरपर्यंत."

कोकणातला माणूस, गिरणीत आयुष्य गेलेलं, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी केलेली. आणि तो विचारत होता ते इतकं सरळ की मला वाटलं, आता सर काय सांगणार? भाषणात ह्याचं उत्तर नव्हतंच. सरांनी पिशवीतल्या नारळाकडे हात नेला आणि मागे घेतला. ती काही त्यांची नेहमीची ग्लास उचलून ठेवायची युक्ती नव्हती. मग त्यांनी पुढे होऊन आजोबांचं मनगट धरलं.

"किती वर्षं भाकऱ्या खाल्ल्यात तिच्या हातच्या?"

"चाळीसेक."

"मग हे हाड कशाचं आहे? तिनं भाजलेल्या भाकरीचं. तिनं केलेल्या कालवणाचं. दुसरं काही गेलंच नाही ह्यात. वर नारळ असतात आजोबा, माणसं नसतात. ती वर कशाला जाईल? ती हीच."

आजोबांनी आपल्या मनगटाकडे बघितलं. मग दुसऱ्या हातानं ते दाबून बघितलं. आणि रडले, मोठ्यानं रडले. आतून सून धावत आली, मला वाटलं आता भांडण. पण आजोबा डोळे पुसत तिला म्हणाले, "चाय टाक गो. आणि माका कायतरी खावक दी."

निघताना ते डबी पुढे करायला लागले. सर म्हणाले, "राहू दे तुमच्याकडेच. माझ्यापेक्षा तुम्ही नीट सांभाळता."

ती भाकरीची गोष्ट सरांनी नंतर कुठल्याच भाषणात घेतली नाही. मी एकदा म्हटलं, सर घ्या ना, लोक रडतील. तर एवढे भडकले माझ्यावर! "ते त्याचं होतं. मी काय विकायला बसलोय?"

पुढे त्यांच्या छातीत दुखायला लागलं. लपवलं, अर्थातच. लिफ्टमध्ये बोलेनासे झाले तेव्हा जोशींनीच पहिल्यांदा ओळखलं की काहीतरी बिनसलंय. मग तपासण्या, मग बायपास ठरली. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी हॉस्पिटलात गेले. काकू सह्या करायला खाली गेल्या होत्या. सर हिरवा गाऊन घालून पलंगावर बसलेले, पाय हलवत.

"तोंड तिकडे कर," म्हणाले. "मला आज थर्मामीटर बघायचं नाही."

मी तोंड खिडकीकडे केलं.

"गुंगी देतात म्हणजे काय करतात गं? डॉक्टर म्हणाला, कळणारही नाही. डोळे मिटले आणि उघडले, मधलं काही नाही. मधलं काही नाही, म्हणे! हे वाक्य मी आयुष्यभर लोकांना ऐकवलं." त्यांचा आवाज फाटला. "मला भीती वाटतेय."

सर घाबरलेले मी कधी पाहिले नव्हते. वाटलं, पळत जाऊन काकूंना बोलवावं. पण ह्यांना अंधारातून घरापर्यंत कोण सोडणार? मी आयुष्यात माईक हातात धरलेला नाही, आभारसुद्धा दुसऱ्याला मानायला लावते. तरी वळले. टेबलावर कोणी आणलेली मोसंबी होती, त्यातलं एक उचललं.

"हा सूर्य," मी म्हटलं.

"मोसंबं?"

"नारळ वर आणू देत नाहीत, सर. हा सूर्य. आणि ही मोहरी... म्हणजे मोहरी नाहीये, पण समजा."

"समजा काय समजा! मोसंब्याला मोहरी कशी चालेल? प्रमाण नको? रव्याचा कण घे."

"बरं, रव्याचा कण. तो तिकडे दारापाशी. आणि दुसरं मोसंबं क्वालालंपूरला."

"अगं, वाट लावलीस!" सर ताडकन सरळ बसले. "नारळ लहान केलास तर सगळंच जवळ येणार ना! थांब." ते डोळे मिटून पुटपुटायला लागले, बोटं हवेत. "दुबई. दुसरं मोसंबं दुबईला येतं."

बीपी बघायला आलेली सिस्टर हसली. "दुबईला माझी बहीण असते. रोज बोलते मी तिच्याशी."

सरांनी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. "ऐकलंस? मधे काही नाही म्हणत होतो मी." आणि हसले. खरंच हसले. मी पुढे काय बोलायचं ते आठवत होते, शाल, अंधार, विझणं. विझणं आज गाळू या, असं मनात म्हणतेय तोवर स्ट्रेचर आलं.

पुन्हा मधेच! बोरिवलीसारखंच. मी स्ट्रेचरबरोबर धावायला लागले. "अहो दादा, हळू, एक मिनिट, अजून राहिलंय!" वॉर्डबॉयला वाटलं बाईला वेड लागलं. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी तो थांबला. मी सरांचं मनगट धरलं.

थंडगार होतं. बर्फ.

"गरम आहे?" सरांनी विचारलं.

"आहे सर."

"खोटं बोलतेस. तुझ्या तोंडावर दिसतं सगळं." मग त्यांनी आपली बोटं माझ्या मनगटाभोवती गुंडाळली. "तुझं आहे पण गरम. एकाचं असलं की पुरतं गं. चल, सोडलंस तू मला."

दार लागलं. ऑपरेशन झालं, पण सर त्यातून उठले नाहीत. दोन दिवस मशीनवर होते, मग गेले. काकू माझ्या गळ्यात पडून म्हणाल्या, "शेवटी काय बोलले तुझ्याशी?" मी म्हटलं, मोसंब्यावरून ओरडले. त्यांना फार बरं वाटलं.

दहाव्यानंतर मी दिंडोशीला फोन लावला. आजोबांना कळवायला हवं होतं. पलीकडे फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं फोन कट झाला.

"हॅलो? आजोबा?"

"मगे ही पृथ्वी आता कोणाकडे देवची?" आजोबांनी विचारलं. "मी म्हातारो झालंय. माझ्यामागसून हयसर कोणाक ठावक, डबीत काय आसा ता? सून फोडणीत टाकीत."

मी टेबलाची कड धरली, हॉलचे दिवे गेल्यावर खुर्चीची धरायचे तशी. गॅस बंद केला का हे ज्या बाईला आठवत नाही, ती पृथ्वी काय सांभाळणार? पण पलीकडे माणूस अंधारात उभा होता, आणि त्याला सोडायला आता दुसरं कोणी येणार नव्हतं.

"मी येते, आजोबा," मी म्हटलं. "रविवारी सकाळी येते. चहा टाकायला सांगा. येताना नारळ घेऊन येते."